विंचवाचा दंश आणि तुलनेचा वाफा



आश्विन उजाडला म्हणजे कोकणात आणि मावळपट्ट्यात भाताच्या कापण्या सुरू होतात, घाटावर सोयाबीन, बाजरी खळ्यावर येते. पाऊस उघडलेला असतो, दुपारचे ऊन चटके देते आणि रात्री दगडाखालचा विंचू बाहेर पडतो. पेंढीखाली, कडब्याच्या गंजीत, तुसाच्या ढिगात, सरपणात, भिंतीच्या भेगेत त्याचा मुक्काम. कापणीला वाकलेला हात किंवा अंधारात अंगणात पडलेले अनवाणी पाऊल त्याच्यावर पडले, की नांगी बसते. कोकणात विंचूदंशाचे दोन हंगाम ठरलेले आहेत. एक उन्हाळ्यातला, मार्च ते जून, आणि दुसरा हा सप्टेंबर-ऑक्टोबरचा.

तुम्ही म्हणाल, साहेब खत-बियाण्याचे सोडून आज वैद्यकी कुठे सांगत बसले? तर आधीच सांगतो, मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. औषध कोणते आणि किती हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण खरे औषध कोणते आणि नुसता भास कोणता हे ओळखण्याची जी रीत आहे, ती आपल्या शेतातूनच दवाखान्यात गेली आहे. ती रीत समजली तर रात्री अकरा वाजता पोराला विंचू चावल्यावर कोणत्या वाटेने धावायचे, याबद्दल मनात घोळ राहणार नाही. म्हणून हा लेख.

मांत्रिकाचा हिशेब

गावोगाव हिंडताना एक वाक्य मी किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही. "साहेब, आमच्या बुवाने उतरवलेला विंचू कधी वाया गेला नाही. मेली ती दवाखान्यात नेलेली माणसं." हे सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने जे पाहिले तेच तो सांगतो. तरीही हिशेब चुकतो. कसा ते पाहा.

विंचवाने दंश केलेल्या बहुतेक माणसांना नुसत्या वेदना होतात. वेदना भयंकर असतात, आग मस्तकापर्यंत जाते, पण दिवसभरात त्या आपोआप ओसरतात. थोड्या माणसांत मात्र विष अंगात भिनते आणि हृदय व फुफ्फुसे सापडतात. आता हिशेबापुरते समजा, एका गावात वर्षभरात 20 जणांना विंचू चावला. त्यांतले 18 नुसते वेदनेचे आणि 2 खरे धोक्याचे. वीसही जण आधी बुवाकडे गेले. अठरा जण दुसऱ्या दिवशी कामाला लागले, ते बुवाच्या खात्यात जमा. उरलेले दोघे घामाने निथळू लागले, धाप लागली, तेव्हा पहाटे त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. उशीर झालेला होता, त्यातला एक दगावला. आता गाव काय म्हणणार? बुवाने अठरापैकी अठरा वाचवले आणि दवाखान्याने दोघांतला एक घालवला.

हे म्हणजे काळ्या कसदार जमिनीतल्या जुन्या वाणाची तुलना मुरमाड माळावरच्या नव्या वाणाशी करण्यासारखे झाले. उतारा कमी आला तो वाणामुळे की जमिनीमुळे? दोन्ही गोष्टी सारख्या घेतल्याशिवाय सांगता यायचे नाही. एखाद्या दुकानदाराने पिकाचे टॉनिक म्हणून रंगीत पाणी विकले आणि दोन दिवसांनी पाऊस झाला, तर पीक हिरवे होणारच. श्रेय मात्र बाटलीला मिळते. विंचवाच्या मंत्राचे तसेच आहे.

शेतातून दवाखान्यात गेलेली रीत

कृषी विद्यापीठाचा प्रयोग तुम्ही शिवारफेरीत पाहिला असेल. एका वाफ्यात नवे वाण, शेजारच्या वाफ्यात नेहमीचे. त्या दुसऱ्याला आम्ही तुलनेचा वाफा म्हणतो. असे जोड वाफे चार-पाच ठिकाणी पुन्हा पुन्हा घेतात. आणि कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे माणूस आपल्या मर्जीने ठरवत नाही, चिठ्ठ्या काढाव्यात तसे ठरवतात. कारण मर्जीवर सोडले तर नव्या वाणाला नकळत चांगली जमीन दिली जाते.

ही चिठ्ठीची युक्ती शास्त्राच्या पायावर उभी केली इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात. तिथे 1843 सालापासून खतांचे प्रयोग चालू होते. 1919 मध्ये रोनाल्ड फिशर नावाचे गणितज्ञ तिथे आले. साठलेल्या आकड्यांवर त्यांनी काम केले आणि 1920च्या दशकात वाफ्यांची वाटणी यादृच्छिक, म्हणजे दैवावर सोडलेली, असली पाहिजे हे दाखवून दिले.

पुढे हीच रीत माणसांच्या आजाराला लावली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध आले होते. इंग्लंडमध्ये ते इतके थोडे होते की सगळ्यांना पुरणे शक्य नव्हते. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीप्रमाणे फुफ्फुसाच्या गंभीर क्षयाचे 107 रोगी घेतले. चिठ्ठीच्या पद्धतीने 55 जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती मिळाली, 52 जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार म्हणजे नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी मोजदाद केली. औषधाच्या गटात 4 दगावले होते, विश्रांतीच्या गटात 14. हा निकाल 1948 मध्ये छापून आला. तेव्हापासून आजतागायत कोणतेही नवे औषध खरे मानण्याआधी जग हाच तुलनेचा वाफा मागते. शेतकऱ्याच्या बांधावरची ही रीत मोठमोठ्या इस्पितळांनी उचलली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

महाडचे काम

आता आपल्या विंचवाकडे येऊ. या विषयातले जगाने मानलेले काम रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात झाले आणि ते केले एका शेतकऱ्याच्या मुलाने. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म 1951 सालचा, जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातला. नागपूरला एम.बी.बी.एस. होऊन 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांनी पाहिले की लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, कोवळी पोरे, डोळ्यांदेखत फुफ्फुसांत पाणी होऊन जातात. पुस्तकांत त्यावर फारसे काही लिहिलेले नव्हते.

त्यांनी काय केले? चांगला शेतकरी पिकाची नोंदवही ठेवतो तेच केले. रोग्याच्या खाटेशेजारी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब टिपून ठेवली. दंश झाल्यापासून किती वेळाने काय झाले, कोण वाचले, कोण गेले, हे सगळे लिहिले. त्यातून धोक्याची आगाऊ चिन्हे हाती आली आणि 1982 मध्ये ती 'लँसेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीची ही किंमत आहे.

विष करते काय, ते आपल्या विहिरीवरच्या मोटारीवरून समजून घ्या. हृदय हा पंप आणि रक्तवाहिन्या ही पाइपलाइन. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते आणि शरीरातली अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये एकदम पुरासारखी सुटतात. पंप जिवाच्या आकांताने धावू लागतो आणि त्याच वेळी पुढचे पाइप आवळले जातात, जणू कोणी व्हॉल्व्ह बंद केला. दाब वाढतो, पंप थकतो आणि मागच्या बाजूला सांध्यांतून पाणी झिरपू लागते. ही मागची बाजू म्हणजे फुफ्फुसे. रोग्याला धाप लागते, तोंडाला फेस येतो. पाण्यात न उतरता माणूस बुडतो.

हे उमगल्यावर उपायाची दिशा दिसली. आवळलेला व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. डॉ. बावस्कर यांनी पुण्याला एम.डी. पुरे केले आणि महाड-पोलादपूरच्या मुलखात परत आले. आधी त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे एक औषध शिरेतून देऊन पाहिले. ते लागू पडे, पण थेंबाथेंबावर डोळा ठेवावा लागे. मग तेच काम तोंडाने घेता येणारी गोळी करील का, असा विचार करून त्यांनी प्राझोसिन वापरले. ही मुळात रक्तदाबासाठी निघालेली स्वस्त गोळी. 1986 मध्ये तिचे निष्कर्ष 'लँसेट'मध्ये आले. पूर्वी पश्चिम भारतात विष भिनून इस्पितळात आलेल्या शंभर रोग्यांत पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन आल्यावर आणि रोगी वेळेत येऊ लागल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात. देशाच्या इतर भागांतल्या डॉक्टरांनीही ही गोळी वापरली आणि त्यांनाही गुण दिसला.

आता चिकित्सक वाचक विचारील, ही तर मागच्या सालाची यंदाशी तुलना झाली. मधल्या काळात रस्ते झाले, गाड्या आल्या, लोक लवकर पोहोचू लागले, त्याचा वाटा किती? प्रश्न अगदी रास्त आहे. पावसाचे साल आणि दुष्काळाचे साल यांची तुलना करून वाण ठरवू नये, हे आपणच सांगतो. म्हणून पुढचा प्रश्न आला तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी शेजारी शेजारी वाफे घेतले.

सत्तर रोग्यांचा प्रयोग

प्रश्न असा होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष लस तयार केली होती. प्राझोसिन व्हॉल्व्ह उघडते, पण अंगात फिरणारे विष तसेच राहते. लस त्या विषालाच धरते. मग नुसती गोळी बरी की गोळी आणि लस दोन्ही? मते दोन्ही बाजूंनी होती. मतांनी निकाल लागत नाही.

डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला विष भिनल्याची चिन्हे असलेले 70 रोगी घेतले आणि चिठ्ठीच्या रीतीने 35-35 चे दोन गट केले. एका गटाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी कोण पूर्ण बरे झाले ते मोजले. नुसत्या गोळीच्या गटात 35 पैकी 8. गोळी आणि लस मिळालेल्या गटात 35 पैकी 32. बरे व्हायला सरासरी वेळ लागला तो पहिल्या गटात सुमारे 18 तास, दुसऱ्यात 8 तास. 2011 मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2022 मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रोगी सत्तरच होते आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण आठ आणि बत्तीस यांतला फरक इतका मोठा आहे की तो नुसत्या योगायोगाचा म्हणता येत नाही. दोन वाफ्यांत दोन-चार किलोंचा फरक असेल तर आम्ही पुन्हा पेरून पाहा म्हणतो. एकात पोते आणि दुसऱ्यात चार पोती निघाली तर म्हणत नाही.

धोका कसा ओळखावा

महाडच्या नोंदींनी आणखी एक मोलाची गोष्ट शिकवली. वेदना किती आहे यावर धोका मोजू नये. ठणक प्रचंड आहे पण बाकी काही नाही, असा रोगी बहुधा सुखरूप राहतो. उलट ठणक फार नाही म्हणून घरचे निश्चिंत बसतात आणि विष आत काम करीत राहते. म्हणून पुढील चिन्हे पाठ करून ठेवा.

1. उलट्या होणे.
2. अंगाला दरदरून घाम सुटणे, तोंडाला लाळ सुटणे.
3. हात-पाय गार पडणे.
4. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंगाला आपोआप ताठरपणा येणे. यात लाजण्यासारखे काही नाही, डॉक्टरांना जरूर सांगावे.
5. छातीत धडधड, बेचैनी, त्यानंतर खोकला आणि धाप.

यातले एक जरी चिन्ह दिसले तरी विष भिनू लागले असे समजावे. पहिली चार चिन्हे धाप लागण्याच्या आधी येतात. तीच वाचवण्याची वेळ. धोका कोणाला अधिक? लहान मुलांना, कारण विष तेवढेच आणि अंग लहान. आणि ज्याला उशीर झाला त्याला. वय आपल्या हातात नाही. वेळ मात्र आहे.

मोठा काळा विंचू दिसायला भीतिदायक, पण त्याचे विष त्या मानाने सौम्य. जिवावर बेततो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू. तरी रात्रीच्या अंधारात रंग ओळखत बसू नका. काय चावले हेच कळले नसेल तर साप चावला असे धरून तडक दवाखाना गाठा. सापाची लस विंचवाला चालत नाही, आणि विंचवाची सापाला. म्हणून पाहिले असेल तेवढे डॉक्टरांना नीट सांगा.

काय करावे, काय करू नये

दंश होताच घड्याळ पाहा आणि वेळ लक्षात ठेवा. माणसाला धीर द्या, बसवा किंवा निजवा. हातातल्या अंगठ्या, बांगड्या उतरवा. जागा साबण-पाण्याने धुवा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून दंशावर ठेवा, ठणक कमी होते. लहान मूल असेल तर चिन्हांची वाट न पाहता निघा. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा, नाहीतर शेजाऱ्याची मोटारसायकल काढा. पोहोचल्यावर डॉक्टर सांगतील तितका वेळ देखरेखीखाली राहा. "आता बरे वाटते" म्हणून मध्यरात्री उठून घरी येऊ नका.

आवळून बांधू नका. चिरा देऊ नका, चोखू नका, डागू नका. दारू पाजू नका. उलटी होत असलेल्या मुलाच्या तोंडात पाला-रस घालू नका.

आणि हे विशेष ध्यानात घ्या. लेखात गोळीचे नाव वाचले म्हणून ती आणून फडताळात ठेवू नका. मात्रा वजनाप्रमाणे ठरते, हात-पाय गरम होईपर्यंत काही तासांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते, आणि गोळी दिलेला माणूस एकदम उठला तर रक्तदाब उतरून कोसळू शकतो. म्हणून त्याला निजवूनच ठेवतात. हे काम दवाखान्याचे.

बुवाशी भांडत बसण्याचीही गरज नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विश्वास असेल तर आजीला म्हणावे, "आजी, अंगारा लावायचा तर लाव, पण गाडीत बसल्यावर लाव." मंत्राने जीव जात नाही. मंत्रात गेलेल्या दोन तासांनी जातो.

दंश टाळणे सर्वांत स्वस्त. चपला, बूट झटकून घाला. अंथरूण झटका, खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवा, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचा. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. सरपण, पेंढ्या, कौले, दगड उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. सरपणाचा ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नका. भिंतींच्या भेगा कापणीआधी लिंपून घ्या.

या आठवड्यात एवढे कराच

बियाणे पेरणीआधी तपासतो, तसा दवाखाना गरज पडण्याआधी तपासावा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "विंचवाची गोळी आणि लस शिल्लक आहे का? नसेल तर जवळ कुठे मिळेल?" लस नसली तरी गोळी असणे अवघड नाही. साठा नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. रात्री कोणाची गाडी निघू शकते, हे वाडीतल्या चार घरांनी आधीच ठरवून ठेवा. वरची पाच चिन्हे कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ किंवा दाराआड चिकटवा, आणि घरातल्या शाळकरी मुलामुलींकडून ती पाठ करून घ्या. शेतावर मोठी माणसे असताना धाकट्या भावंडापाशी तीच असतात.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू. तोपर्यंत जमले तर एक काम करून ठेवा. घरचे बियाणे पेरणार असाल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवले ते लिहा. उगवण चांगली की वाईट, हेही मोजल्यावाचून कळत नाही.